नदीपासून सगळ्यात लांबची खोली

ज्या माणसाला पळता येत नाही त्याला भर पावसाळ्यात नदीकाठी राहायला बोलवायचं, हे काही मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. सून जेवता जेवता सांगत होती, "मम्मी, आपण घरातच पाहुण्यांची सोय करू. व्हीलचेअरवाले, काठीवाले, म्हातारी माणसं, ज्यांना कुठलाच रिसॉर्ट नीट घेत नाही ना, त्यांच्यासाठी." मी भात कालवत होते. म्हटलं, "बाई गं, आणि पाणी आलं तर त्यांना उचलणार कोण?"

"आपण," ती म्हणाली. दळण कोण आणणार असं विचारल्यासारखं तिनं उत्तर दिलं आणि आमटी वाढून घेतली.

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, सोनिवलीच्या अंगाला, उल्हास नदीच्या वळणावर. आम्ही आगरी माणसं. सासऱ्यांच्या आधीच्यांनी खाडीकडची मिठागरं सोडली आणि इथं येऊन भात लावला. घर बांधताना त्यांनी नदीचा मान ठेवला. जोतं कमरेएवढं उंच, सहा पायऱ्या चढाव्या तेव्हा ओटी लागते. पुढं अंगण, अंगणाच्या टोकाला नदीत उतरणारा छोटा दगडी घाट. घराच्या मागं गोठा, गोठ्याला लागून रस्ता. त्या पलीकडं पूर्वी आमच्या भाऊबंदांची भातशेती होती, डोंगराकडून येणारा नाला त्या शेतांतून पसरत पसरत नदीला मिळायचा. आता तिथं टॉवर आहेत. आधी डंपरनं लाल मुरमाचा भराव आला, मग कंपाउंडची भिंत आली, आणि नाला एका सिमेंटच्या पाइपात घालून आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यावर बाहेर काढला. त्याचा आवाज पावसाळाभर चालायचा, मेला रात्रंदिवस खळखळ खळखळ, मला त्या आवाजाचा अगदी वीट आला होता.

सुनेचं माहेर उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मग ते माणूस चार वर्षं एका खोलीत खिडकीकडे तोंड करून बसलं. त्यांना एकदा तरी हिरवं दाखवायला न्यावं म्हणून ही पोरगी फोन लावायची. कर्जत म्हणू नका, मुरबाड म्हणू नका. सगळीकडे एकच, सॉरी मॅडम, पायऱ्या आहेत. ते गेले ते गेलेच, हिरवं काही बघितलं नाही. हे ती कधी रडून सांगत नाही. सांगते तेव्हा भांडी जोरात घासते.

म्हणून मग मी गप्प बसले. मुलगा कंपनीत, त्याची ना नव्हती. आमचे हे तर सुनेच्या बाजूनंच. गुरं विकून टाकल्यापासून गोठा रिकामा पडला होता, तोच सुनेनं निवडला. जमिनीला सपाट, उंबरठा नाही, रस्त्यावरून गाडी थेट दारापर्यंत येते. भिंतींना माती-शेणाचा गिलावा, दार सरकवायचं आणि रुंद, न्हाणीत धरायला दांड्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या नाहीत, तांब्या-पेला. तांदूळ आमचा, भाज्या गावच्या बायकांच्या, खरकटं खताच्या खड्ड्यात. एका वेळी एकच कुटुंब, डीजे नाही, दारू नाही, असं सगळं तिनं बाहेर बोर्डावर लिहिलं. सुनेच्या तोंडी दिवसभर सस्टेनेबल आणि इन्क्लुझिव्ह चालायचं. मी एकदा ह्यांना म्हटलंसुद्धा, "हे दोघं कोण येणार आहेत हो, ह्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा का?" हे हसले. मी पण हसले, पण आतून धास्ती काही जात नव्हती.

कारण मागच्या मोठ्या पुरात मी ह्याच घराच्या माळ्यावर बसले होते. खाली स्वयंपाकघरात डबे आणि पातेली पाण्यावर तरंगत एकमेकांवर आपटत होती. कोणी आपलं घर आतून धुंडाळतंय असा तो आवाज. अजून कधी भांड्यावर भांडं आदळलं की माझं काळीज लक्कन हलतं.

हे म्हणायचे, "उगीच घाबरतंस. पानी पायरीला सांगल्याशिवाय वर येत नाय." ते खरं होतं. घाटाची वरून तिसरी पायरी, तिच्यावर उखळासारखा खळगा आहे. नदीनं तो खळगा भरला की गुरं सोडायची, धान्य माळ्यावर टाकायचं, अजून दोन तास हातात असतात. मोठ्या पुरातही खळग्यानं सांगितलं होतं म्हणून आम्ही वेळेत माळा गाठला. सासऱ्यांच्या हयातीत खळगा कधी खोटा बोलला नाही. आणि गोठ्यातली ती खोली घरातली नदीपासून सगळ्यात लांबची जागा. नदी उठलीच तर आधी घाट, मग अंगण, मग घर, मग कुठं गोठा. तोवर पाहुणा गाडीत बसून रस्त्याला लागलेला असेल. ह्यांनी हे मला कागदावर काढून दाखवलं. मला पटलं. पटलं तरी भीती वाटायची ती वाटायचीच, त्याला काय करणार.

आषाढात अम्मा आल्या. कॅम्प चारमध्ये सुनेच्या माहेरच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सिंधी आजी. सगळा ब्लॉक त्यांना अम्मा म्हणतो. सुनेला लहानपणी त्यांनीच शाळेतून आणलेलं, पापड-शरबत देऊन गप्प बसवलेलं. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन बिघडलं आणि कमरेखाली सगळं गेलं. बरोबर त्यांची मुलगी, चाळिशीची, सारखी फोनवर शूटिंग करणारी. अम्मांनी गाडीतून उतरायच्या आधीच मला विचारलं, "पुट, नदी किधर है?"

मी पन्नाशी ओलांडलेली बाई, मला कोणी पुट, म्हणजे बाळ, म्हणावं याचं हसूच आलं. म्हटलं, "पुढे आहे अम्मा, आधी चहा घ्या."

त्यांचं एकच म्हणणं होतं. त्यांच्यात वाहत्या पाण्यात तांदूळ-साखर सोडतात. लग्न होऊन आल्या तेव्हा सासू त्यांना नेत असे, नंतर दुकान, पोरं, मग हे पाय. उल्हासनगरातल्या वालधुनी नदीत घालायचं का, ती तर गटार झालेली. "मरने से पहले एक बार अपने हाथ से," असं त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मी म्हटलं, आमच्यातही हेच आहे की! आम्ही नदीची ओटी भरतो. त्यांचे डोळे असे चमकले की मला त्या एकदम आवडून गेल्या. आवडलं माणूस की माझी भीती दुप्पट होते, हा माझा जुना रोग आहे.

ओटीची आमच्या घराची रीत अशी. आषाढात ज्या दिवशी नदी खळग्याच्या पायरीला लागते, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी घाटावर जायचं. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. इथवर आलीस आई, आता परत जा, असं म्हणून नारळ सोडायचा. आणि तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत कोणी मागं वळून घराकडे बघायचं नाही. सासूबाई सांगायच्या, आपण वळून बघितलं तर नदीला घराची वाट कळते. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी चुकून मान वळवली होती, तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरून नदीकडे फिरवली. इतकी ती रीत कडक.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मांना घाटाकडे न्यायचा प्रयत्न केला. अंगणात चिखल. सुनेनं आधीच फळ्या टाकल्या होत्या, तरी घाटाच्या अलीकडे खुर्चीचं पुढचं चाक फळीवरून घसरलं आणि खुर्ची नदीकडे कलली. अम्मांच्या हातातली साखर सांडली. मी मागून दांडा धरला होता म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं हे मनात आणायलाही नको. मी तिथंच ओरडले, "बस झालं! परत फिरवा!" सुनेनं खुर्ची फिरवली. अम्मा नदीकडे मान वळवून वळवून बघत होत्या.

पाऊस थांबेचना. डोंगरावर तर काळाकुट्ट. दुपारचं जेवण झालं आणि हे घाटावरून सांगत आले, खळगा भरत आला. झालं, ओटीची वेळ. हे म्हणाले, "आता दोन तास हायेत. ओटी भरू, आल्यावर बघू, वाटलं तर अम्मांना बदलापूर स्टेशनकडं हलवू." लाइट गेली होती. अम्मा खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर वाकून म्हटलं, "अम्मा, तुम्ही इथंच थांबा. ही खोली नदीपासून सगळ्यात लांब आहे. तुमच्या नावानं मी सोडते."

त्यांनी रुमालातले तांदूळ-साखर माझ्या पदरात ओतले. मी गाठ मारली. त्यांनी ती गाठ आपल्या हातानं पुन्हा घट्ट केली. "भूलना मत," म्हणाल्या. त्यांच्या मुलीला शूटिंग करायचं होतं, तीही आमच्याबरोबर निघाली.

दारातून बाहेर पडताना मला काहीतरी वेगळं वाटलं. क्षणभर कळेना काय. मग लक्षात आलं, नाल्याची खळखळ बंद होती. एवढा पाऊस आणि पाइपाच्या तोंडातून जेमतेम करंगळीएवढी धार. मनात म्हटलं, चला, बरं झालं, एकदाची कटकट मिटली. आणि मी दार सरकवून घेतलं.

मुलगा कंपनीत होता, बाकीचे आम्ही घाटावर ओळीनं उभे राहिलो. नदी फुगली होती, पण खळग्याच्या वर एक बोटही नव्हती. खळग्यात पाणी गोल फिरत होतं. मी ओटी भरली, नारळ सोडला. तो दोनदा गटांगळ्या खाऊन प्रवाहाला लागला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. सुनेनं मला कोपरानं ढोसलं, "अम्मांचं?" मी पदराची गाठ सोडायला घेतली. अम्मांनी ती इतकी घट्ट मारली होती की ओल्या बोटांनी सुटेना.

तेवढ्यात माझ्या टाचांना पाणी लागलं.

पाऊस आहे, अंगणातलं पाणी उतरत असेल, असं वाटलं. पण ते थांबेना. टाचांवरून घोट्यांवर आलं, पायांच्या मधून पुढं गेलं आणि घाटाच्या पायऱ्यांवरून खाली नदीत पडायला लागलं. मी मान खाली घातली. ते लाल होतं. आमची नदी पावसाळ्यात मातकट राखाडी वाहते, जन्मात कधी लाल नाही. लाल मुरूम एकाच ठिकाणी आहे, भिंतीपलीकडच्या भरावात.

नारळ अजून दिसत होता. खरं सांगते, त्याही क्षणी माझी मान वळायला तयार नव्हती. सासूबाईंचा हात हनुवटीवर असल्यासारखा वाटला. मग मी वळले.

घराच्या दोन्ही बाजूंनी पाणी येत होतं. मागून. गोठ्याच्या दिशेनं. अंगणात खताच्या खड्ड्यातलं सगळं तरंगत होतं, सुनेच्या फळ्या तरंगत होत्या, आणि त्यांच्या मागं थर्माकोलचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोणी.  तोंडातून फक्त "अम्मा" एवढंच निघालं.

मी कशी धावले मला माहीत नाही. दोनदा पडले. घराला वळसा घालून मागं गेले तर गोठ्याच्या अंगणात गुडघाभर पाणी, आणि ओढ अशी की पाय उचलला की दुसरीकडे पडायचा. पाइप तुंबला होता. डोंगराचं सगळं पाणी भिंतीपलीकडे साठत साठत गेलं आणि भिंतीचा एक तुकडा पाडून आमच्याकडे आलं होतं. मी हाका मारत होते. आतून काही उत्तर नाही. एक क्षण मला स्वच्छ वाटलं की संपलं. आता सुनेच्या तोंडाकडे मी कशी बघू, हाच विचार आला, देवाशपथ.

दार सरकेना. रुळात मुरूम बसला होता. ह्यांनी येऊन खांदा लावला, सुनेनं खालून हात घालून मुठी मुठी गाळ उपसला, आणि दार एक माणूस आत जाईल एवढं उघडलं.

अम्मा खिडकीशीच होत्या. पाठमोऱ्या, अंधारात, खुर्चीवर, ओठांत काहीतरी पुटपुटत. पाणी खुर्चीच्या बैठकीच्या जरासं खाली होतं. पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, एक चप्पल निघून पलंगाखाली फिरत होती. त्यांनी आमच्याकडे मान वळवली आणि विचारलं, "हो गया? डाला मेरा चावल?"

त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या पायांना काही कळत नव्हतं. पाणी पावलांवर आलं, पोटऱ्यांवर चढलं, आणि त्या खिडकीतून पाऊस बघत आमची वाट बघत होत्या. आवाज ऐकला होता, पण त्यांना वाटलं ती नदी आहे, नदीकाठी आलोय तर नदीचा आवाज येणारच. लाइट नसल्यानं खाली काही दिसत नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग हाताखालच्या पाण्याकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. इतकी वर्षं मी माणसांचे चेहरे बघत आलेय, पण असा मी बघितलेला नाही.

खुर्ची हलेना, चाकं रुतली होती. ह्यांनी पाठ वाकवली, "घाला माज्या पाठीवर." मी आणि सुनेनं अम्मांना उचललं, हातांचा विळखा ह्यांच्या गळ्यात घातला. अम्मा रडत रडत म्हणत होत्या, "छोड़ो मेरे को, भाईसाब, आपको लग जाएगा." हे फक्त "घट धरा" म्हणत होते. मी त्यांचे दोन्ही पाय माझ्या काखेत धरले होते. गार, जड. दारातून घरापर्यंतचं अंतर एरवी मी भाजीची टोपली घेऊन रोज जाते. तेवढंसं अंतर काही केल्या सरेना.

आणि मग सहा पायऱ्या. ज्या पायऱ्यांमुळे आम्ही आजवर वाचलो, ज्या पायऱ्यांमुळे अम्मांना वर घेता आलं नव्हतं, त्याच. चौथ्या पायरीवर शेवाळ होतं, ह्यांचा पाय सटकला. तिघंही मागं कलली. सून खालून दोन्ही हात लावून उभी राहिली, तिच्या मानेच्या शिरा अशा तटतटल्या, आणि ती किंचाळली, "पप्पा, चढा!" हे चढले. ओटीवर आम्ही सगळे एकमेकांवर पडलो. अम्मांची मुलगी त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होती आणि फोन कुठं पडला ते तिला आठवतही नव्हतं.

पाणी घराच्या तिसऱ्या पायरीला येऊन थांबलं. आम्ही ओटीवरून ते बघत बसलो. पुढं नदी खळग्याच्या पायरीवर शांत होती, आपली ओटी घेऊन. तिनं काही केलं नव्हतं. आयुष्यभर जिच्याकडे डोळे लावून बसलो तिनं शब्द पाळला होता, आणि तरी आमच्या घरात एक बाई बुडत होती.

माझ्या भीतीचा राग झाला. मी सुनेवर तोंड सोडलं. "मी सांगत नव्हते? पहिल्या दिवसापासून सांगत नव्हते? गेली असती म्हातारी! मग काय केलं असतंस, हेही लिहिलं असतंस का बाहेरच्या बोर्डावर?" सून कुडकुडत बसली होती. हातांची नखं गाळानं तुटली होती, बोटांतून रक्त येत होतं.  अम्मांनी माझा हात धरला.  म्हणाल्या, "उसको मत बोल. तेरे को डर लगा, बस."

माझ्या पदराला गाठ तशीच होती. तांदूळ भिजून फुगले होते. मी म्हटलं, "अम्मा, पाणी आता पायरीशीच आलंय. सोडता का आपल्या हातानं?" त्यांनी त्या लाल पाण्याकडे, त्यावरच्या गोण्यांकडे बघितलं आणि मान हलवली. "इसमें नहीं. ये नदी नहीं है. ये किसी का फेंका हुआ है." मग डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी पाणी रस्त्याकडे ओसरलं. दुसऱ्या दिवशी टॉवरवाल्यांनी पाइप उपसला, त्यातून प्लायवूड, थर्माकोल, एक आख्खी गादी निघाली. भिंत पुन्हा बांधली, आधीपेक्षा उंच. आमच्याशी बोलायला कोणी आलं नाही. आमचं बोलणं ऐकायला कोण बसलंय म्हणा.

सुनेनं बोर्ड काढून माळ्यावर टाकला. फोन आले की उचलायची नाही. भांडीसुद्धा आता जोरात घासत नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं, पहिले काही महिने वाटलंही. रात्री पाऊस लागला की मी म्हणायची, चला, घरात आपले आपणच आहोत, पळायला पाय आहेत सगळ्यांना. पण घर मुकं झालं होतं. हे गोठ्याकडे जायचेच नाहीत.

मग एक दिवस सुनेचा फोन वाजत होता, ती उचलेना, म्हणून मी उचलला. अम्मा. पावसाळ्यात यायचंय म्हणाल्या.  मी ततपप करायला लागले, खोली खराब झाली, अजून दुरुस्ती, नंतर बघू. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सब लोग बोलते हैं सीढ़ी है. तू क्या बोलेगी पुट, डर है?"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. अशी रडले की सून धावत आली.

त्या उन्हाळ्यात आम्ही अंगण उकरलं. घराच्या जोत्याला लागून लांबलचक उतार बांधला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत वर जाणारा, दोन्ही बाजूंना कठडा. तुळस हलवली, माझी मोगऱ्याची झाडं गेली. पाहुण्यांची खोली आता घरात, माझ्या खोलीला लागून, ओटीच्या उंचीवर. पाणी आलं तर उचलणार कोण हा प्रश्न मी आता कोणाला विचारत नाही. आम्ही चौघं पाठीवर एकमेकांना घेऊन तो उतार चढून बघितला आहे. मुलगा मला घेऊन चढला तेव्हा म्हणाला, मम्मी, डाएट कर. मी त्याला पाठीवरूनच चापट मारली.

भीती गेली नाही. ती कशी जाईल? पूर्वी मी ओटीवर नदीकडे तोंड करून भाजी निवडायची. आता मागच्या दारात बसते, भिंतीकडे तोंड करून. नाल्याची खळखळ ऐकते. मध्येच ती जरा बारीक झाली की हातातलं टाकून उठते, काठी घेऊन पाइपाच्या तोंडाशी जाते. सून म्हणते, "मम्मी, रिलॅक्स." मी म्हणते, "तू कर रिलॅक्स."

ह्या आषाढात अम्मा आल्या. नदी खळग्याला लागली तसे आम्ही घाटावर गेलो, ओटी भरली. घरी मुलाला अम्मांपाशी ठेवलं होतं. मी दर थोड्या वेळानं मान वळवून घराकडे बघत होते. सासूबाईंना जे म्हणायचं ते म्हणू दे.

परत आले तर अम्मा तयार होऊन बसलेल्या. मांडीवर तांदूळ-साखरेचा रुमाल. मी म्हटलं, "अम्मा, घाटावर चिखल आहे हो, खुर्ची नाही जायची." त्या म्हणाल्या, "घाट पे नहीं. उधर." आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

 म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, ती नदी नाही?"

"नदी से मेरे को डर नहीं लगता," अम्मा म्हणाल्या. "इससे लगता है. साल भर नींद नहीं आई."

 मी आत जाऊन दुसरा नारळ आणला, कपाटातला एक नवा खण काढला. भिंतीपर्यंतचा रस्ता टॉवरवाल्यांनी काँक्रीटचा केलाय, गुळगुळीत. खुर्ची कुठंही न अडकता थेट पाइपापर्यंत गेली. एवढ्या सगळ्या पाण्यात अम्मांची खुर्ची पोचू शकत होती असं हे एकच पाणी. मी पाइपाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं. लाल पाणी खाली धो धो पडत होतं. अम्मांनी रुमाल उघडला. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. तसेच दोघींनी मिळून तांदूळ सोडले.

गेटवरून वॉचमन छत्री घेऊन धावत आला. "ए मौसी, इधर कचरा मत डालो. पूजा करना है तो नदी पे जाओ ना, इधर किधर नदी है?"

अम्मांनी रुमाल झटकला, त्याची नीट घडी घातली आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आएगी, पुट. पिछले साल आई थी."

 मी खुर्ची फिरवली, पण लगेच निघाले नाही. पाइपाकडे कान लावून उभी राहिले. खळखळ चालू होती, जोरात, न थांबता. चांगली खात्री झाल्यावरच मी अम्मांना घेऊन घराच्या उताराला लागले.